पिशवीतून न आलेले मीठ

फाल्गुनातले ऊन अंगणात उतरले की मागच्या भिंतीपलीकडून लाटण्यांचा आवाज सुरू होतो. सात-आठ पोळपाट, सात-आठ लाटणी. पोळी लाटण्याचा आवाज मऊ असतो. उडदाच्या पापडाचा तसा नसतो. पीठ चिवट, लाटणे बारीक, हात घाईत. दुरून ऐकले तर कोणीतरी वाळलेल्या शेंगांवर काठी आपटत बसले आहे असे वाटते. यंदा हा आवाज आज, सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी आला. वेळ लक्षात राहिली, कारण हातातला चहा प्यायचा राहिला.

त्या आवाजांत एक लाटणे शोभाचे आहे. शोभा माझी पत्नी, वय चौपन्न. तिचे लाटणे वेगळे ओळखू येते. उजवा हात जोर देतो, डावा थोडा मागून येतो, म्हणून दर तिसऱ्या फेरीला ठोका किंचित अडखळतो. मागच्या फाल्गुनापर्यंत तो अडखळत नव्हता. हा अडखळता ठोका ऐकू येतो तोवर मी बसून राहतो. थांबला की उभा राहतो. ही ओळ लिहीपर्यंत दोनदा उभा राहिलो आहे.

नंदुरबारला हा मोसम तिखटाने सुरू होतो आणि खाराने संपतो. हिवाळाभर गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर मिरची वाळत पडलेली असते. नजर जाईल तिथवर लाल. रस्त्याने जाणारा मोटारसायकलवाला डोळे पुसत जातो, आणि घरात कोणी शिंकले की वारा कोणत्या बाजूचा आहे ते कळते. मग मिरची पोत्यांत जाते, पथाऱ्यांची माती उघडी पडते आणि वाळवण गावात शिरते. गच्चीवर, खाटेवर, जुन्या लुगड्यावर ज्वारीचे बिबडे, गव्हाच्या कुरडया, उडदाचे पापड. पापड एकट्या बाईचे काम नाही. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, असे गल्लीतल्या बायका आपापला पोळपाट काखेत मारून जातात. मजुरी कोणी देत नाही, कोणी मागत नाही. मधे एकदा चहा होतो आणि लाट्यांची वाटी फिरते. लाटी म्हणजे पापडाच्या पिठाचा सुपारीएवढा गोळा. पीठ तेल लावून कांडायचे, वळून लांब दोरखंड करायचा आणि दोऱ्याने त्याचे तुकडे पाडायचे. त्यातल्या थोड्या लाट्या न लाटता कच्च्याच, तेलात बुडवून, खाल्ल्या जातात. इतकी वर्षे हे सगळे भिंतीपलीकडे चालत होते आणि मला त्याची माहिती असण्याचे कारण नव्हते.

मागच्या फाल्गुनाआधीच्या दिवाळीत शोभाचे डोके आठ दिवस दुखत होते. फराळाच्या धावपळीने असेल, असे तिने ठरवले आणि मी मान्य केले. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, सोडली, पुन्हा भरली. एकशे अठ्ठ्याहत्तर, एकशे सहा. आकडे त्यांनी आवाज न चढवता सांगितले. मग गोळी लिहून दिली आणि एक नियम सांगितला. दिवसाला मीठ एक सपाट चमचा. त्यात भाजी आली, भाकरी आली, लोणचे, शेव, पापड, सगळे आले.

परतताना रेल्वे फाटकाशी रिक्षा थांबली तेव्हा शोभाने विचारले, "मन्ही मायनं बी असंच व्हतं का?"

तिचे माहेर कोरीट. तिच्या आईला लकवा झाला तेव्हा आधी जीभ गेली, मग उजवी बाजू. सहा महिने शोभाने तिला चमच्याने पेज भरवली. मी ते सहा महिने पाहिले होते. "माहीत नाही," मी म्हणालो. मला माहीत होते.

दुसऱ्या दिवसापासून घरचे सामान मी आणू लागलो. कापसाचे भाव, धरणाचे पाणी, अपघातातली नावे, हे पेपरात बिनचूक लिहिण्यात माझी सगळी वर्षे गेली. एका माणसाच्या ताटातले मीठ मोजणे त्याहून अवघड असेल असे तेव्हा वाटले नाही. किराणा वर्षानुवर्षे रशीदभाईंच्या दुकानातून येतो. त्यांच्या वडिलांच्या काळातला काटा अजून कोपऱ्यात आहे, वापरात नाही. मी एकेक पाकीट उचलून मागची बारीक अक्षरे वाचू लागलो. बिस्किटे गोड असतात आणि त्यांत मीठ असते. पावात मीठ, तयार मसाल्यात मीठ, सॉसमध्ये मीठ. मीठ जिथे लागत नाही तिथे ते जास्त असते, असा पहिल्या आठवड्याचा निष्कर्ष होता.

"भाऊ, तुम्ही सामान लेवाले येतस का पेपर वाचाले?" रशीदभाईंनी तिसऱ्या दिवशी विचारले. "पाकीटना मांगे काय बातमी शे?"

"बातमी मागेच असते," मी म्हणालो. "पुढे जाहिरात असते."

"मंग आज काय छापेल शे?"

"तुमची शेव बंद."

"भाभीनी बंद का तुमनी बी?"

"दोघांची."

"तुम्ही काय गुन्हा करा?" असे म्हणून ते हसले, पण शेवेचे पाकीट त्यांनी उचलून मागे ठेवले. ज्या भागात शेवेची भाजी पाहुण्याला मान म्हणून करतात, तिथल्या दुकानदारासाठी ही लहान गोष्ट नव्हती.

पिशवीचे वजन तेच राहिले, आतले सामान बदलले. खारे दाणे गेले, कच्चे आले. फरसाण गेले, त्या जागी भाजलेले हरभरे आले, तेही बिनमिठाचे. ते रशीदभाई वेगळ्या डब्यात राखून ठेवू लागले. मटकी, मूग, जवस. लसूण दुप्पट. सारंगखेड्याच्या बाजूची केळी आणि तापीकाठची पपई हातगाडीवर असायचीच, आता ती पाहुण्यांसाठी न येता रोजची झाली. कमी सोडियमचे मीठ म्हणून एक पाकीट मिळते. ते मी आणले आणि डॉक्टरांना दाखवले. तिच्या गोळीबरोबर ते चालणार नाही, त्यांनी सांगितले, रक्तात दुसरेच काही वाढेल. पाकीट तसेच परत गेले. चांगले म्हणून आणलेली वस्तूही घात करू शकते, ही माहिती नवी होती.

शोभाने तक्रार केली नाही. पहिल्या आठवड्यात वांग्याच्या भाजीचा घास घेऊन तिने विचारले, "हाई भाजी शे का दवाई?" आणि जेवली. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीचे पीठ दळताना त्यात मीठ टाकायची तिच्या आईची पद्धत होती, ती तिने सोडली. मी रोज संध्याकाळी सहा वाजता रक्तदाबाचे मशीन काढायचो. पाय जमिनीवर, पाठ टेकलेली, हात टेबलावर. "बोलू नको, आकडा चढतो," मी म्हणायचो.

"मन्हा आकडा तुमना बोलामुयेच चढस," ती म्हणायची, आणि मग मशीन थांबेपर्यंत दोघेही त्या लहानशा घरघरीकडे पाहत राहायचो.

आकडे मी कॅलेंडरच्या चौकोनांत लिहीत होतो. संक्रांतीपर्यंत एकशे चौतीस, चौऱ्याऐंशी. तिळगुळात मीठ नसते याचा आनंद झालेला तो माझा पहिला सण. डॉक्टर म्हणाले, असेच चालू द्या. पथाऱ्यांवर मिरची लाल होती आणि घरात कोणाचे डोके दुखत नव्हते. त्या दोन महिन्यांत भीती गेली होती असे म्हणता येणार नाही. तिची सवय झाली होती.

मग फाल्गुन लागला. एकशे सेहेचाळीस. दोन दिवसांनी एकशे बावन्न. मशीनचे सेल बदलले. एकशे अठ्ठावन्न. दुसऱ्या दंडावर मोजले. तेच. घरातली बाई तीच, गोळी तीच, चूल तीच. रक्तदाबाला आवाज नसतो. ताप आला तर अंग तापते, साखर वाढली तर तहान लागते. इथे समोर बसलेले माणूस लसूण सोलत असते, हसत असते, आणि फक्त कॅलेंडरच्या चौकोनातला आकडा सांगत असतो की आत काहीतरी ताणले जात आहे. किती ताणले जाईल, कुठे तुटेल, ते तोही सांगत नाही.

मी संशय घेतला. तिच्यावर नाही, पिशवीवर. सगळे सामान ओट्यावर काढले आणि एकेक डबा पुन्हा तपासला. लाल तिखटाच्या बरणीत तळाशी मिठाचे खडे सापडले. तिखट टिकावे म्हणून ते सगळेच घालतात. बरणी शेजारी दिली. नवे तिखट बिनमिठाचे कांडून आणले. ताकातले मीठ आधीच गेले होते, आता लिंबाच्या फोडीवरचेही गेले. पाव बंद. खाण्याचा सोडा घरातून काढला. भाजीतले मीठ चमच्याच्या टोकावर आले. एकशे बासष्ट. डॉक्टरांनी गोळी वाढवली आणि माझ्याकडे पाहून विचारले, "बाहेर काही खातात का?"

"नाही," मी म्हणालो. ती कुठल्या हॉटेलात जात नव्हती, हातगाडीवर उभी राहत नव्हती, लग्नांचे दिवस अजून सुरू झाले नव्हते. उत्तर देताना मला खात्री होती.

"पापड?"

"घरात केलेच नाहीत."

हेही खरे होते. त्या वर्षी आमच्याकडे पापड झाले नाहीत. पण शोभा रोज सकाळी पोळपाट घेऊन कोणाकडे ना कोणाकडे जात होती. स्वतःच्या घरी पापड नाहीत म्हणून दुसऱ्यांकडे हात लावायला जायचे नाही, असे आमच्या गल्लीत होत नाही. उलट त्या वर्षी ती जास्तच गेली.

रोज संध्याकाळी मी तिला विचारत होतो, सकाळी काय जेवलीस, दुपारी काय जेवलीस. ती सांगत होती. भाकरी, मटकी, अर्धी पपई. मी लिहून घेत होतो.

गुरुवारची सकाळ. अकराला दहा मिनिटे कमी. त्या दिवशी पापड भिंतीपलीकडेच, यमुनाजिजींकडे होते. यमुनाजिजी सत्तरीच्या, गल्लीतल्या सगळ्यांत थोरल्या, आणि पापडाच्या मोसमात त्यांचा शब्द शेवटचा असतो. मी ओट्यावर कात्रणे लावत होतो. लाटण्यांचा आवाज चालू होता, मग थांबला. थांबल्याचे मला कळले नाही. अशा आवाजाची नोंद घ्यायची असते हे तेव्हा माहीत नव्हते.

"ओ भाऊ! लवकर या! शोभाना हातमाईन लाटनं पडी गयं!"

भिंतीला वळसा घालून जायला किती वेळ लागला ते सांगता येत नाही. शोभा पोळपाटासमोर बसलेली होती. लाटणे पुढ्यात पडले होते आणि ती डाव्या हाताने ते उचलत होती. बोटे लाटण्याला लागत होती, पण मिटत नव्हती. तिने पुन्हा उचलून पाहिले. बायका गोल बसल्या होत्या. मला पाहून ती म्हणाली, "काई नही," आणि पुढचा शब्द आला नाही. ओठाचा डावा कोपरा खाली उतरला होता. तिच्या डोळ्यांत जे होते ते मी एकदा कोरीटला पाहिले होते, तिच्या आईच्या डोळ्यांत. ती मला पाहत नव्हती. ती तेच आठवत होती.

दवाखान्यात नेले. वेळेत नेले, असे नंतर सांगण्यात आले. झटका लहान होता. वाचा संध्याकाळपर्यंत आली, ओठ दोन दिवसांत सरळ झाला. डाव्या हाताची शेवटची दोन बोटे मात्र अजून उशिरा ऐकतात. डॉक्टर म्हणाले, हा इशारा समजा. पुढचा झटका इशारा नसेल. हे वाक्य त्यांनी व्हरांड्यात, तिला ऐकू जाणार नाही अशा बेताने सांगितले. गेल्या वर्षभरात मी ते कोणालाही सांगितले नाही. इथे पहिल्यांदा लिहितो आहे.

दहा दिवसांनी सामान आणायला रशीदभाईंकडे गेलो. काय आणायचे ते कळत नव्हते. हरभरे घेतले, ठेवले. यमुनाजिजी दुकानात होत्या. रशीदभाई त्यांच्यासाठी एका पोत्यातून पांढरी पूड पुडीत बांधत होते.

"शोभा कशी शे?" जिजींनी विचारले.

"बरी आहे. दोन बोटे ऐकत नाहीत अजून."

"तिना बिगर यंदा बठासना खार बिघडना, भाऊ. बठी घरं तिले बलावतस. ती पीठ चाखस, तवय लाटनं चालू व्हस."

"सगळ्यांचा? आणि चाखते म्हणजे?"

"चाखस म्हंजे खास," जिजी म्हणाल्या. एवढे साधे कसे कळत नाही, असे त्यांच्या चेहऱ्यावर होते. "पयला गोया चाखस, दुसरा चाखस. अनि मंग लाट्यासनी वाटी शेच. भारी आवडतस तिले. घरमा अळनी खाईसन येस बिचारी. मीच म्हनस, खाय वं, आठे तुले कोन देखस."

मी रशीदभाईंच्या हातातल्या पुडीकडे पाहिले. "हे काय आहे?"

"पापडखार."

"त्यात काय असते?"

रशीदभाईंनी पोत्यावरची पट्टी माझ्याकडे वळवली. बारीक अक्षरांत लिहिले होते: सोडियम. "नमक का सगा भाई है, भाऊ," ते हळू आवाजात म्हणाले. त्यांच्याही ते तेव्हाच लक्षात आले असावे. त्या दुकानातले एकूण एक पाकीट मी चार महिने वाचले होते. हे पोते दारातच होते. माझ्या यादीत ते कधी नव्हते, म्हणून मी ते वाचले नाही.

जिजींना मी प्रमाण विचारले. एक किलो पिठाला मीठ किती, खार किती. त्यांनी मुठीने सांगितले, मी वापरातल्या काट्यावर घालून पाहिले. आठ-दहा लाट्यांत डॉक्टरांचा दिवसाचा सगळा चमचा जात होता. चाखण्याचे वेगळे.

जिजी काट्याकडे पाहत उभ्या होत्या. पुडी न घेताच त्या दुकानातून बाहेर पडल्या.

घरी शोभा खाटेवर बसून डाव्या हाताने रबराचा चेंडू दाबत होती. मी विचारले, "लाट्या खायचीस?"

"खायथू."

"किती?"

"मोजीसन कोन खास?"

"मग सांगितलं का नाहीस? मी रोज विचारत होतो."

तिने चेंडू मांडीवर ठेवला. "तुम्ही इचारं, काय जेवनी. मी सांगं. ते काय जेवन शे का? लाटता लाटता तोंडमा टाकं. ताटमा थोडंच लिन्हं?"

ती खोटे बोलत नव्हती. आमच्याकडे ताटात पडते ते जेवण. स्वयंपाक करताना चाखलेले, दुसऱ्याच्या ओट्यावर हात चालू असताना तोंडात टाकलेले, कामाबरोबर आलेले, ते जेवण नसते. ते कोणी धरत नाही. मी चाळीस वर्षे लोकांना प्रश्न विचारले आणि घरातल्या माणसाला चुकीचा विचारला. उत्तर खरे होते आणि बातमी चुकली. घरचे अन्न मी जसजसे अळणी करत गेलो, तसतशी ती वाटी तिला गोड लागत गेली असणार, हे मला नंतर सुचले. मशीनमध्ये आकडा चढायचा, मी भाजीतले मीठ कमी करायचो, दुसऱ्या दिवशी तिचा हात वाटीकडे थोडा जास्त जायचा. डॉक्टर म्हणतात, एकट्या लाट्यांनी हे झाले असे म्हणता येणार नाही. दाब आधीचा, आईकडचा वारसा, वय. त्यांचे म्हणणे मी जसेच्या तसे नोंदवतो. त्याने माझी झोप परत आली नाही.

वैशाखात ती घराबाहेर पडू लागली तेव्हा आम्ही दोघे मिळून बाजाराला गेलो. तोरणमाळच्या वाटेवरच्या एका पाड्यावरची बाई आमचूर घेऊन बसली होती, कैरीच्या वाळलेल्या चकत्या, फडक्यावर पसरलेल्या. आंबटाने मिठाची उणीव भरते, असे डॉक्टरांनी सुचवले होते. मी विचारले, "वाळवताना मीठ लावता का?"

बाईला प्रश्न दोनदा सांगावा लागला. मग ती हसली. "मीठ इकत घ्यावा लागतो. आंबा नाय."

शोभाही हसली. झटक्यानंतर ती पहिल्यांदा आवाज काढून हसली, आणि ओठाचे दोन्ही कोपरे सारखे वर गेले. मी ते पाहत होतो. ती हसत असताना तिचा ओठ मोजणारा माणूस मी झालो होतो, आणि तिलाही ते दिसले. "लिखी ल्या आते," ती म्हणाली.

आता वर्ष झाले. आकडा एकशे तीसच्या आसपास असतो. सामान आम्ही दोघे आणतो. या महिन्याच्या सुरुवातीला रशीदभाईंकडे शोभा पापडखाराच्या पोत्यापाशी थांबली. तिने एक बोट पोत्यात बुडवले आणि नाकाशी नेले. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइके होती. "भाभी, हाऊ माल तुमना नही," रशीदभाई म्हणाले आणि पोते ओढून मिरचीच्या गोणीमागे सरकवले. शोभाने बोट पदराला पुसले. बोट उजव्या हाताचे होते. तरी पुसायला तिला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

यंदा पापडाला जायचे की नाही, हा प्रश्न मी डॉक्टरांना विचारला, तिला विचारण्याचे धैर्य झाले नाही. डॉक्टर म्हणाले, जाऊ द्या, बोटांना व्यायाम होईल, माणसांत राहतील. तोंडाचे मात्र बघा. तोंडाचे कसे बघायचे ते त्यांनी सांगितले नाही. काल संध्याकाळी तिनेच विषय काढला. "जास, लाटस, येस. तोंड बंद. बस?" मी मान डोलावली. आज सकाळी ती निघाली तेव्हा पोळपाटाबरोबर हरभऱ्यांची डबी घेतली होती. दारातून परत फिरून ती म्हणाली, "अनि भिंतवर चढीसन देखू नका. बाया हसतस."

भिंत छातीएवढी आहे. चढावे लागत नाही, उभे राहिले की दिसते.

आत्ता पलीकडचा आवाज थांबला. एका लाटण्याचा नाही, सगळ्यांचा. मी उभा राहिलो.

सगळ्या बसलेल्या होत्या. शोभा दोन बायकांच्या मधे, पाठ सरळ. पिठाचा पहिला गोळा तिच्या येण्याआधीच जिजींनी चाखला असावा. आता दुसरा कांडून आला होता आणि यमुनाजिजी तो ताटात घेऊन तिच्यासमोर उभ्या होत्या. सवयीने त्यांच्या तोंडून गेले असावे, "शोभा, चाख वं." म्हणून झाल्यावर त्यांना आठवले. ताट मागे घ्यावे की नाही, हे त्यांना कळेना. बाकीच्या हात थांबवून पाहत होत्या. चाखल्याशिवाय पुढे जायचे नाही, ही पद्धत आणि गेल्या वर्षीचा गुरुवार, दोन्ही त्या सगळ्यांना ठाऊक होते.

शोभाने ताटातून एक चिमूट तोडली. ती डाव्या हाताच्या बोटांत धरून मळली. नाकाशी नेली. माझ्या हातात भिंतीची वीट होती, तिचा चुरा तळव्याला लागला. मग तिने ती चिमूट शेजारी बसलेल्या रेखाच्या, जिजींच्या सुनेच्या, हातावर ठेवली.

"आते तू चाख. मी सांगस कसं ते."

रेखाने सासूकडे पाहिले. जिजींनी मान डोलावली. रेखाने तोंडात टाकले. "चांगलं शे."

"चांगलं काय? जिभना मांगे झोंबनं का?"

"थोडं."

"पयले का मंग?"

रेखाने डोळे मिटून विचार केला. "मंग."

"मंग बरोबर शे. लाटा वं आते, ऊन चढी ऱ्हायनं."

एक बाई म्हणाली, "नवी मास्तरीन उनी," आणि हसू फुटले. मी बसणार होतो. तेवढ्यात वाटी आली. लाट्या, वर तेलाचा थर. वाटी हातोहात फिरत होती आणि प्रत्येकीजवळ क्षणभर थांबत होती. शोभाजवळ आली. शोभाने ती डाव्या हातात घेतली. दोन बोटे उशिरा मिटली, वाटी कलली, तेल काठापर्यंत आले. तिने वाटीत पाहिले. किती वेळ ते मी मोजले नाही. मोजायची शुद्ध नव्हती. मग तिने वाटी रेखाकडे दिली आणि लाटणे उचलले.

ठोका सुरू झाला. एक, दोन, आणि तिसऱ्याला किंचित अडखळणे. मी खाली बसलो.

यमुनाजिजींचे पापड आज संपतील. उद्याची पाळी तीन गल्ल्या पलीकडच्या घरी आहे. तिथल्या लाटण्यांचा आवाज आमच्या ओट्यापर्यंत येत नाही.